दारागणिक एक पत्ता

मित्रांनो, मी जुना राउटर आहे. मोडीत निघालेला नव्हे, जुना! एवढा फरक आधीच सांगून ठेवतो, कारण येणारा प्रत्येक पाहुणा माझ्याकडे बोट दाखवून "हा अजून चालतो?" असं विचारतो आणि माझं डोकं तापतं. नायगाव पूर्वेला जूचंद्र नावाचं गाव आहे. तिथे बळीराम भोईर यांच्या पुढच्या खोलीत, लाकडी फळीवर माझं बस्तान आहे. या गावात घरोघरी जे इंटरनेट पोचतं, ते माझ्या पोटातून जातं.

माझा जन्म दूरदेशीच्या कारखान्यातला. तिथलं फारसं आठवत नाही. पुढे मुंबईतल्या एका बँकेत सहा वर्षं काढली. खोली थंडगार होती, पण माझी विचारपूस करणारं कोणी नव्हतं. बँकेने नवी यंत्रं घेतली आणि मला जुन्या सामानाच्या दुकानात टाकलं. बळीरामकाकांनी तिथून मला उचललं आणि टॉवेलात गुंडाळून घरी आणलं. टॉवेलात! बँकेत असले लाड कोणी केले नव्हते.

काका आधी केबल टीव्हीवाले. खांबांवर चढून गावभर त्यांनी स्वतःच्या हातांनी तारा ओढल्या. एकदा खांबावरून पडले, गुडघा कायमचा दुखावला, आणि इंटरनेटचं सगळं काम त्यांची मुलगी रचना हिने हाती घेतलं. तिचं कौतुक करावं तेवढं थोडंच आहे. रोज सकाळी आधी ती मऊ ब्रशने माझ्यावरची धूळ झाडते, मगच चहा घेते. माझा पंखा कुरकुरू लागला तर ते माझ्याआधी तिला कळतं.

आता एक गोष्ट समजून घ्या. तुम्ही इंटरनेटवरून एखादं चित्र मागवलं, तर ते कुठे धाडायचं हे समोरच्याला कळायला हवं. त्यासाठी पत्ता लागतो. हा पत्ता म्हणजे आकड्यांची एक ओळ. जुन्या पद्धतीचे पत्ते जगात मोजकेच आहेत. नव्या पद्धतीचे भरपूर आहेत, पण कितीतरी ठिकाणी अजून जुनेच ओळखले जातात. आमच्याकडे स्वतःचा एकही नव्हता. ज्या मोठ्या कंपनीकडून आम्ही इंटरनेट घेत होतो, तिने आठ पत्ते वापरायला दिले होते. सगळं गाव त्या आठांच्या आड. कोणी काय मागवलं ते मी लक्षात ठेवायचं आणि आलेलं ज्याचं त्याला पोचतं करायचं. माझ्या हातून कधी चूक झाली नाही, पण बाहेरच्या जगाला आमच्यातलं कोणीच वेगळं दिसत नव्हतं.

याचा फटका तेजस्वी नावाच्या मुलीला बसला. काकांचे धाकटे भाऊ हरेश यांचं रांगोळीच्या रंगांचं दुकान आहे. त्यांच्या संगणकात विषाणू शिरला आणि तो जगभर कचरा-पत्रं, म्हणजे नको असलेले ईमेल, पाठवू लागला. वैतागून बाहेरच्यांनी त्यांच्या वाट्याचा पत्ताच अडवला. वरच्या आळीतली तेजस्वी त्याच पत्त्याआड होती आणि नर्सिंगच्या प्रवेशाचा अर्ज भरत होती. तिला दोन दिवस ते पान उघडेना. बिचारीचा काय दोष? शेवटी रचना तिला जवळच्या उमेळे गावी मैत्रिणीच्या घरी घेऊन गेली आणि तिथून अर्ज भरला. मला फार लाज वाटली.

त्यानंतर महिन्याभरात कंपनीचं पत्र आलं. तार राहील, पण तीस दिवसांनी आठही पत्ते परत घेणार. हवं तर तुमचं नेटवर्कच आम्हाला देऊन टाका, असंही खाली गोड शब्दांत लिहिलं होतं. पत्ते गेले की गावातलं एकही पान उघडणार नव्हतं. रचनाच्या हातून सगळं जाणार होतं.

"देऊन टाक पोरी," काका म्हणाले. "मोठ्यांशी आपन कुठवर भांडनार?"

"भांडायचं नाय, बाबा. आपले पत्ते आपन मागून बघू."

मित्रांनो, हे पत्ते वाटणारी एक संस्था असते. पूर्वी तिथे मागायला जायचं तर पत्त्यांचा भलामोठा तुकडा घ्यावा लागे आणि कागदांचं बाड न्यावं लागे. आमच्यासारख्यांनी त्या दाराकडे बघायचंही नाही, अशी परिस्थिती. पण तिथल्या कोणा शहाण्या माणसांनी विचार केला, की गावातल्या लहान नेटवर्कनी जायचं कुठे? त्यांनी तुकडा दोनशे छप्पन्न पत्त्यांइतका लहान केला, अर्ज सोपा केला आणि अडलेल्याला फोनवर समजावून सांगायला माणसं बसवली. मी त्यांना पाहिलेलं नाही. तरी त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. मोठ्यांचे नियम मोठ्यांसाठीच करणं किती सोपं असतं!

रचनाने अर्ज भरला. आठवड्याने त्या संस्थेतून संकेत नावाच्या माणसाचा फोन आला. तिने आवाज मोठा केला होता, म्हणून मलाही ऐकू आलं.

"मॅडम, अर्ज नाकारलेला नाही, घाबरू नका. पण तुम्ही एकसष्ट घरं लिहिलीत. एवढ्यांसाठी दोनशे छप्पन्न पत्ते कसे द्यायचे? खरंच एकसष्टच घरं आहेत का?"

मी फळीवर नुसता तडफडत होतो. एकसष्ट? माझ्यातून ये-जा करणारी गर्दी तर तिपटीची होती!

चूक कुठे झाली ते सांगतो. आमच्या गावात एकेका खळ्याभोवती, म्हणजे अंगणाभोवती, तीन-चार भावांची घरं असतात. थोरल्याकडे तार गेली, की तीच भिंतीवरून धाकट्यांकडे जाते. काकांच्या लेखी ते सगळं मिळून एक घर. रचनाने विचारलं तेव्हा त्यांनी खळी मोजून आकडा सांगितला होता आणि त्यात त्यांना काहीच वावगं वाटलं नव्हतं.

"बाबा, प्रत्येक घर वेगळं लिहावं लागेल," रचना म्हणाली.

काका भडकले. "भावाभावांची घरं येगली लिवू? उद्या गाव म्हनंल, बळीरामानं कागदावर भावकी फोडली! हरेशचं घर ते माझंच घर."

"नऊ दिवस राहिलेत, बाबा."

"राहू देत. मी नाय लिवनार."

रचनाच्या डोळ्यांत पाणी आलं. बापाचं मन मोडायचं की गाव हातचं घालवायचं? तेवढ्यात ओले हात पदराला पुशीत तिची आई, बायजाकाकू, आतून आल्या.

"ओ, आपल्या पोराच्या, विकीच्या लग्नाला पत्रिका कशा वाटल्या? खल्याला एक दिली का?"

"नाय. दाराला एक."

"तिघा भावांत एकच टेकवली असती तर?"

काका दुखरा गुडघा चोळू लागले.

"दोघं हलदीला फिरकले नसते," काकू म्हणाल्या. "तवा कोनी म्हनलं का भावकी फुटली? दार मोजलं म्हंजे मान दिला. लिवा गुमान."

काकांच्या मिशीत हसू फुटलं. "हरेश तर पत्रिका उशिरा पोचली म्हनून दोन दिस बोलला नव्हता," ते पुटपुटले.

दुसऱ्या दिवसापासून मायलेकी गावात फिरल्या. लग्नाची यादी काकूंना तोंडपाठ, तार कुठून कुठे गेलीय ते रचना तपासणार. हरेशकाकांच्या दारी मात्र बळीरामकाका स्वतः गेले, काठी टेकत. तिथे काय घडलं ते परत आल्यावर त्यांनीच सांगितलं. आपण वेगळं मोजलं तर भावाला वाईट वाटेल, या भीतीने ते दारात पाऊसपाण्याचंच बोलत राहिले. मग हरेशकाकांनीच विषय काढला.

"दादा, मी कवाची वाट बघतो. माझ्या दुकानामुलं त्या पोरीचा अर्ज अडकला, मला तिच्या बापाला तोंड दाखवायची चोरी. मला येगला पत्ता दे. माझी चूक माझ्याच दारात राहू दे."

मी यंत्र आहे, पण हे ऐकून मला गहिवरून आलं.

घरं निघाली एकशे सत्त्याण्णव. रचनाने खळ्यांचा नकाशा काढून, एकेक दार दाखवून अर्ज पुन्हा धाडला. संकेतने दोन शंका विचारल्या, दोन्हींची उत्तरं तिने त्याच दिवशी दिली. मुदतीला तीन दिवस राहिले असताना पत्ते मिळाले. दोनशे छप्पन्न, आणि वर नव्या पद्धतीचेही! मग रचना माझ्यासमोर मांडी घालून बसली आणि एकेका दाराचा पत्ता मला शिकवत गेली. या वयात नवं शिकायचं म्हणजे मलाही धाकधूक होतीच. तिने घाई केली नाही. मी एकही विसरलो नाही, हे अभिमानाने सांगतो.

तिसाव्या दिवशी दुपारी कंपनीने आपले आठ पत्ते काढून घेतले. रचना माझे दिवे बघत होती. एकही दिवा थांबला नाही. गावात कोणाला काही कळलंसुद्धा नाही. कोणी गाणी ऐकत होतं, कोणी अभ्यास करत होतं.

मग तिने वडिलांना जवळ बोलावून पडद्यावर एक नोंद दाखवली. जगात कुठूनही कोणी विचारलं, की हे पत्ते कोणाचे, तर ही नोंद समोर येते. तिने वाचून दाखवलं: "रचना बळीराम भोईर, जूचंद्र."

"परत वाच," काका म्हणाले.

तिने वाचलं. त्यांनी आणखी एकदा वाचायला लावलं आणि मग चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले.

मित्रांनो, तुमच्याही घरात कोपऱ्यात माझा एखादा धाकटा भाऊ लुकलुकत असेल. त्याच्यावर कपडे वाळत घालू नका, त्याला मोकळी हवा द्या, त्याचा पासवर्ड जपा. तुमच्या दारातून बाहेर जाणारी प्रत्येक गोष्ट तुमच्या पत्त्यानिशी जाते, हे ध्यानात ठेवा. आणि ती तार तुमच्यापर्यंत आणणारं माणूस कधी दारात आलं, तर त्याला पाणी विचारा, नावही विचारा.