‘नको’ म्हणण्याचा तास

व्यसनमुक्ती सप्ताहात भाषण आणि रांगोळी एवढंच करायचं असतं. पण गप्प बसेन तर ती मी कसली! धायरीच्या आमच्या शाळेत मी सातवीकडून ‘नको’ म्हणण्याचा सराव करून घ्यायचं ठरवलं. मी बिघडवणारा दोस्त, पुढे रिकामा पेला, आणि पोरांनी नकार द्यायचा.

अख्खा वर्ग नापास! पहिल्यांदा ‘नको नको’, दुसऱ्यांदा ‘राहू द्या की बाई’, तिसऱ्यांदा लाजत लाजत पेला हातात. मी कपाळावर हात मारून घेतला.

“लगेच घेतलं तर हावरट म्हणतात, बाई,” सुरय्यानं मला समजावलं. “आणि घेतलंच नाही तर माणसं रुसतात.”

मी शनिवार पेठेतली. आमच्याकडे एकदा ‘नको’ म्हटलं की भांडं थेट ओट्यावर परत जातं. इथला आग्रहाचा रिवाज मला कुठून ठाऊक असणार?

तास संपल्यावर श्याम टेबलापाशी घुटमळला. रविवारी त्याच्या घरी बहिणीच्या लग्नाची हळद होती. चुलतभाऊ बजरंग म्हणाला होता, यंदा मांडवामागं तुलाबी बिअर.

“दादानंच मला पोहायला शिकवलं, बाई. त्याला नको कसं म्हणू?”

त्याचा चेहरा बघून माझं रागावणं राहूनच गेलं. “हसू नकोस आणि कारणं देऊ नकोस,” एवढंच म्हणाले. सल्ला अगदीच पेठेतला होता, तो पुरणार नाही हे कळत होतं. रविवारभर माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

सोमवारी तास चालू असताना बजरंग वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला. विशीतला गडी, मनगटं अजून हळदीनं पिवळी.

“बाई, काय शिकवलंत ह्याला?”

आता भांडण होणार म्हणून मी पदर खोचला.

“पेला पुढं केला तर म्हणतो, ‘दादा, मी काय पाव्हणा हाय का? घरच्या माणसाला कशापायी आग्रह करतो?’ पेला मागंच घ्यावा लागला मला.”

हे मी शिकवलेलं नव्हतं. श्याम मान खाली घालून बसला होता. त्याला जवळ घ्यावंसं वाटलं मला.

बजरंग मात्र जायचं नाव घेईना. चप्पल उंबऱ्यावर घासत, आवाज उतरवून म्हणाला, “दोस्त रोज प्यायला बसवत्यात. मलाबी नको म्हणता येत नाय, बाई. शिकवाल का?”

“सातवीचे प्रवेश जूनमध्येच संपले,” मी म्हणाले. दुसरं काही बोलले असते तर रडूच आलं असतं.

श्यामनं बाकावर सरकून जागा केली.