चाळीस हजारांत बसवलेलं लग्न

मी लाल बटण बोलतोय. लग्नात जो माणूस तुमच्या आणि स्टेजच्या बरोब्बर मध्ये येऊन उभा राहतो, त्याच्या हातातल्या कॅमेऱ्याच्या उजव्या अंगाला, अंगठ्याखाली असतो, तो मी. कॅमेरा स्वतः बोलला असता तर तासभर आपल्या काचेचंच कौतुक करत बसला असता. तिची किंमत ऐकून भलेभले गार होतात. माझी किंमत विचाराल, तर दुरुस्तीवाल्याकडे माझ्यासारखी बटणं डबीत पडलेली असतात आणि तो "घ्या हो, याचे काय पैसे लावायचे" म्हणून फुकट बसवून देतो. पण मला दाबलं नाही, तर ती महागडी काच नुसती टकामका बघत बसते.

माझा जन्म कारखान्यातला. वर रबराची टोपी, खाली पत्र्याचा एवढासा फुगवटा, हाच माझा संसार. बाहेर सोडण्याआधी एका यंत्राने मला हजारो वेळा दाबून पाहिलं. शिक्षण म्हणाल तर तेवढंच झालं: एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. कोण दाबतंय, कशासाठी दाबतंय, हे विचारायचं नाही. एवढ्याच शिक्षणावर मोठ्या हुद्द्याला पोचलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत.

माझा मालक लग्नाचे व्हिडिओ काढतो. एका शिंप्याच्या वरच्या मजल्यावर त्याचं दुकान आहे. एक संगणक, तीन स्टुलं आणि भिंतीवर हसणारी जोडपी. त्यातली काही आता एकत्र हसत नाहीत, पण फ्रेम चांगल्या आहेत म्हणून राहू दिली आहेत.

धंद्यात त्याची बायकोही आहे. लग्नात ती दिवा धरते, मध्ये येणाऱ्या काकांना गोड बोलून बाजूला सारते आणि माझ्यावर लक्ष ठेवते. ते फार गरजेचं आहे, कारण मालकाला चाळिशी लागली आहे. चष्मा लावला की तो कॅमेऱ्याला आपटतो, म्हणून तो लावत नाही. मी चालू असलो की कॅमेऱ्याच्या पडद्याच्या कोपऱ्यात मोहरीएवढा लाल ठिपका येतो. तो बिचाऱ्याला दिसत नाही. कॅमेऱ्याच्या पुढे एक लाल दिवाही आहे, पण तो पेटला की पाहुणे शाळेच्या फोटोसारखे ताठ होतात, म्हणून मालकाने त्यावर काळी चिकटपट्टी लावून टाकली आहे. तेव्हा दर वेळी मला दाबलं की बायको ठिपका बघून म्हणते, "लाल." बंद केलं की म्हणते, "गेला." बारा वर्षांत एकदाही गफलत झाली नव्हती.

मग एक दिवस दुकानात तीन माणसं आली. मुलीचे वडील, मुलीची आई आणि आईचा थोरला भाऊ. या भावाला सगळे पाठीमागे निम्मेमामा म्हणत. कुणीही कशाचीही किंमत सांगितली की त्यांच्या तोंडून पहिला आकडा त्याच्या निम्माच यायचा.

हौसेला मोल नसतं म्हणतात. असतं. आमच्या दुकानात ते साठ हजार होतं.

"तीस," मामा म्हणाले. अजून बसलेही नव्हते.

"अहो, सबंध दिवसाचं काम आहे," मालक म्हणाला. "शिवाय नंतर पंधरा दिवस बसून जोडायचं, कापायचं…"

"कापायचंच असतं तर काढता कशाला? कमीच काढा."

मुलीचे वडील भिंतीवरची जोडपी बघत होते. किमतीची बोलणी निघाली की ते कुठेतरी बघतात, असं दिसलं.

"दादा, असू दे रे," आई म्हणाली आणि मालकाकडे वळली. "हे बघा, त्या दिवशी मला एका जागी बसायला मिळणार नाही. नणंदेच्या लग्नातही तेच झालं, सगळं लग्न मी कोठीच्या खोलीत ऐकलं. पोरीचं लग्न मी तुमच्या व्हिडिओतच बघणार आहे. एकुलती एक आहे. काही सुटता कामा नये."

हे ऐकून माझी छाती फुगली. माझ्या भरवशावर एक बाई आपल्या मुलीचं लग्न सोडून देत होती आणि मला त्यात मोठेपणा वाटला. आज आठवलं की शरम वाटते.

मामांनी मुद्द्याला हात घातला. "माणसं किती येणार तुमची?"

"दोघं. मी आणि ही."

"ह्या काय करतात?"

"दिवा धरते. आणि तो ठिपका…"

"हॉलला दिवे आहेत. ठिपके तुम्ही बघा. एक माणूस कमी, एक ताट कमी. चाळीस. द्या टाळी!"

मालकाने बायकोकडे पाहिलं. त्या महिन्यात दुसरं काम नव्हतं. त्याने टाळी दिली आणि लग्न चाळीस हजारांत बसलं. तिघं जिना उतरून गेल्यावर बायको एवढंच म्हणाली, "मोजून दाबा म्हणजे झालं."

लग्नाच्या सकाळी मालक हॉलच्या दारात उभा होता. एका हातात कॅमेरा, दुसऱ्या हातात दिवा, काखेत तिकाटणं, गळ्यात पिशवी. नवरीची गाडी आली. त्याने मला दाबलं. मी चालू झालो. तेवढ्यात मामांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, "चला, चला, चाळीस हजार वसूल झाले पाहिजेत!" आणि त्या धक्क्याने अंगठा पुन्हा माझ्यावर आपटला. मी बंद झालो.

"लाल" म्हणायला कुणी नव्हतं. "गेला" म्हणायलाही नव्हतं. मालकाला वाटलं, मी चालू आहे. मला माहीत होतं की मी बंद आहे. पण मला विचारतो कोण?

तिथून सगळं उलटं सुरू झालं. तो चालू करायला दाबायचा, तेव्हा मी बंद व्हायचो. तो बंद करायला दाबायचा, तेव्हा मी इमानेइतबारे चालू व्हायचो. नवरी गाडीतून उतरली, ते गेलं. त्यानंतर मालक जिना चढला, ते आलं: बावीस पायऱ्या आणि त्याचे स्वतःचे बूट. नवऱ्याचे वडील एका कोपऱ्यात बूट काढून दुखरा अंगठा चोळत होते, तेही आलं.

आणि आई आली. पुन्हा पुन्हा आली. किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन ती या दारातून त्या दारात जात होती. पुढच्या रांगेत वडिलांच्या शेजारी तिची खुर्ची होती. तिने त्यावर पर्स ठेवून जागा धरली होती. बसली मात्र पर्सच.

विधी सुरू व्हायच्या आधी मामांनी माइक घेतला. "सगळ्यांना विनंती, मोबाइल खाली ठेवा. आपण पैसे मोजून माणूस ठेवलाय, त्याच्या मध्ये येऊ नका." लोकांनी ऐकलं. दोघातिघांनी नाही ऐकलं, पण त्यांच्या मोबाइलमध्ये पुढच्या रांगेतलं एक टक्कल तेवढं स्पष्ट आलं.

मग अंगठ्या निघाल्या. हॉल शांत झाला. मालकाने कॅमेरा तिकाटण्यावर नीट लावला, श्वास रोखला आणि मोठ्या प्रेमाने मला दाबलं. मी बंद झालो. टाळ्या वाजल्या. त्याने समाधानाने पुन्हा दाबलं. मी चालू झालो.

नोंदणीच्या सह्यांच्या वेळी हेच झालं. जोडपं स्टेजवरून उतरलं, तेव्हाही हेच.

जेवणाच्या वेळी मालकाने बॅटरी बदलली, त्यात मी आपसूक बंद झालो आणि माझी गाडी रुळावर आली. त्यामुळे पंगती सुरेख आल्या. दोनशे माणसं किती वेळा चावतात, हे कुणाला मोजायचं असेल तर मोजता येईल. निरोपाची रडारडही पूर्ण आली, आणि तिथे आई हजर होती. थोडक्यात, जे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, तेच मी चोख टिपलं.

तिसऱ्या दिवशी बायको संगणकापुढे बसली. थोड्या वेळाने तिने हाक मारली, "अहो, इकडे या." मालकाने पाहिलं आणि तो स्टुलावर बसला.

"कार्ड खराब झालं म्हणून सांगतो," तो शेवटी म्हणाला. आमच्या धंद्यात हे जुनं औषध आहे.

"कार्ड ठणठणीत आहे," बायको म्हणाली. "आणि ती बाई वाट बघतेय." तिने फोन लावला.

आई आणि मामा आले. मालकाने खाली मान घालून सगळं सांगितलं. दोन वाक्यं ऐकूनच मामा लालबुंद झाले. "पैसे परत! सगळे!" मालकाने ते तयारच ठेवले होते. मामांनी ते दोनदा मोजले आणि मोजता मोजता त्यांचा चेहरा खुलत गेला.

"म्हणजे व्हिडिओचा खर्च शून्य!" ते म्हणाले. "चल गं."

"तू हो पुढे," आई म्हणाली. "मी येते."

मामा खाली गाडीत जाऊन बसले, बहुधा ही आनंदाची बातमी कुणाला तरी कळवायला. आईने पर्स मांडीवर घेतली. "जे काय आलंय, ते दाखवा."

बायकोने लावलं. पायऱ्या आल्या, बूट आले. मग आई स्वतः आली, हॉलच्या माणसाला म्हणत होती, "बारा खुर्च्या कमी आहेत हो, बारा! माणसं उभी राहतील, बरं दिसतं का ते?" पडद्याबाहेरची आई आपल्याला बघून थोडी हसली.

मग अंगठ्यांनंतरचं आलं. टाळ्या थांबत आल्या होत्या. कॅमेरा अजून जोडप्याकडेच होता, कडेला पुढची रांगही दिसत होती. मुलीने वळून पुढच्या रांगेकडे पाहिलं. खुर्चीवर पर्स होती. वडिलांनी हाताने खूण केली, येतेय, येतेय. मुलीने माणसांच्या डोक्यांवरून दाराकडे पाहिलं. पाहत राहिली. मग कुणीतरी तिचा हात हातात घेतला आणि ती हसली.

सह्यांनंतरही तसंच. पेन हातातच होतं. तिने खुर्चीकडे पाहिलं, पण या वेळी थोडंसंच.

मग दोघं स्टेजवरून उतरली. पुढच्या रांगेवरून, त्या खुर्चीला अगदी खेटून मुलगी गेली. तिने पर्सकडे पाहिलंच नाही.

"इथे ती बघत नाहीये," आई म्हणाली.

"नाही," बायको म्हणाली.

"आधी दोनदा बघितलं ना?"

"हो."

आईने पर्स घट्ट धरली. "त्या खुर्च्या मिळाल्या का हो शेवटी?"

बायकोने व्हिडिओ थोडा पुढे सरकवला. "मिळाल्या. जेवणाच्या आधी मागच्या रांगेत दिसतात." मग खरं ते सांगून टाकलं. "रिकाम्याच आहेत."

आईला हसू आलं. हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला आणि बराच वेळ काढला नाही. मला फार वाईट वाटलं. मी काही चुकीचं केलं नव्हतं, जसं दाबलं तसा वागलो होतो. आणि तरीही वाटलं.

"ताई, चूक माझी आहे," मालक म्हणाला. "मुलीला आणि जावयांना बोलवा, आपण सगळं पुन्हा मांडू. अंगठ्या, सह्या, सगळं. एक पैसा घेणार नाही."

"आणि मी पुढे बसून टाळ्या वाजवू?" आई म्हणाली. "नको हो."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. मुलीचा होता. दुकान लहान, फोनचा आवाज मोठा, सगळ्यांना ऐकू आलं.

"आई, व्हिडिओ बघितलास? अंगठीच्या वेळी जे झालं, ते आलंय का त्यात?"

"काय झालं होतं?"

"म्हणजे? तू होतीस ना?"

मालक आणि बायको जमिनीकडे बघायला लागले. 'होते की' एवढं म्हणून वेळ निभावून नेता आली असती. एवढ्याशा खोट्याने कुणाचं काय बिघडलं असतं?

"नव्हते गं," आई म्हणाली. "खुर्च्या आणायला गेले होते."



"मला माहितीये," मुलगी म्हणाली. "पण तू 'होते' म्हणशील, असं वाटलं होतं."

"सांग ना मला काय झालं ते. पहिल्यापासून सांग."

"आत्ता? फोनवर?"

"आत्ता."

मुलगी आधी जरा अडखळत बोलली. सकाळी आरशासमोर टिकली तीनदा कशी वाकडी लागली, तिथून सुरुवात केली. मग अंगठीवर आली. ती नवऱ्याच्या बोटात जाईचना, तो ओठ न हलवता म्हणत होता, "दाब, दाब, लोक बघतायत," आणि तिला हसू आवरेना. आई डोळे मिटून ऐकत होती आणि मध्येच विचारत होती, "मग?" खालून मामांनी हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला. आईने उठून खिडकी लावून घेतली आणि परत येऊन स्टुलावर बसली. "हं. मग?"

मी टेबलावरच होतो. सवयीने मालकाचा अंगठा माझ्याकडे आला. बायकोने त्याचं मनगट धरलं आणि मानेनेच नको म्हटलं. मी बंद राहिलो. ते लग्न पाऊण तास चाललं.

आता माझं रबर झिजलंय. कधी दाबलं तरी लागत नाही, थोड्याच दिवसांत मला काढतील. बायको मात्र पुन्हा कामावर येते आणि तिचं ताट आता कुणाला कापता येत नाही. तुमच्या घरी कार्य निघालं तर व्हिडिओवाला जरूर बोलवा, त्यालाही पोट आहे. घासाघीस करा, तीही हौसच आहे. फक्त खुर्च्या कमी पडल्या तर पडू द्या. लोक उभे राहतील.