शालीचा निळा

"निळा चुकलाय," मामा चौथ्यांदा म्हणाले आणि माझ्या नाकी नऊ आले.

मी चित्रांचे फोटो काढते, वेबसाइटवर टाकण्यासाठी. दोन्ही बाजूंना सारखे दिवे, चित्राशेजारी रंगांच्या चौकटींचं कार्ड, मग संगणकावर त्या कार्डाशी एकेक रंग जुळवायचा. बाहेरच्यांची चारशे चित्रं केली, कोणी ब्र काढला नाही. घरचं गिऱ्हाईक मात्र नको रे बाबा!

मामांचं पहिलंवहिलं ऑनलाइन प्रदर्शन उद्या उघडणार होतं. अकरा चित्रं पसंत पडली. घोडं अडलं ते बाराव्यापाशी. खिडकीत पाठमोरी बसलेली मामी, खांद्यावर निळी शाल. मामीला जाऊन एकोणीस वर्षं झाली. तिच्याशिवाय प्रदर्शन नको आणि चुकीच्या रंगात ती तर मुळीच नको, हा मामांचा हट्ट. म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

मी लॅपटॉप चित्राशेजारी धरला. "बघा, आहे काही फरक?"

"आहे ना! चित्रातला निळा तुझ्या यंत्रात येतच नाहीये."

"मामा, डोळे तपासून घ्या एकदा."

बोलून गेले आणि लगेच वाईट वाटलं. पण खरंच थकले होते.

शेवटी म्हटलं, काच काढून एकदा बघू. आजवर त्यांनी ती फ्रेम कुणाला उघडू दिली नव्हती. या वेळी का कोण जाणे, हो म्हणाले. मी मागचे खिळे काढले, काच उचलली, चित्राभोवतीचा जाड पुठ्ठा बाजूला केला.

पुठ्ठ्याखाली कधी उजेड पोचलाच नव्हता. तिथे कडेला शालीची बोटभर पट्टी होती, गडद निळी, कालच रंगवल्यासारखी. तिच्याशेजारी बाकीची सगळी शाल राखाडी वाटत होती.

माझा फोटो बरोबर होता. चित्रच भिंतीवर, खोलीच्या खिडकीच्या उजेडात वर्षानुवर्षं विटत गेलं होतं, आणि मामांना मात्र रोज तो जुनाच निळा दिसत होता. मला रडू आलं.

मामांनी बोट पट्टीजवळ नेलं, पण टेकवलं नाही.

"संगणकावर सगळी शाल अशी करून देते," मी म्हणाले. असलं मी कुणासाठीही करत नाही.

"नको. आहे तशी राहू दे." मग म्हणाले, "फक्त फोटोतून ही कड कापू नकोस."