ज्येष्ठ अमावास्येची ओहोटी

आमच्या चौघांत एक कायदा होता. डोंगरात शेखरचं ऐकायचं, समुद्रावर दिगंबरचं, आणि मध्ये कोणी शहाणपणा करायचा नाही. चौघं म्हणजे मी, माझा नवरा शेखर, त्याचा कॉलेजपासूनचा मित्र दिगंबर आणि दिगंबरची बायको मालिनी. राहायला सगळे सॅन होजेला. शेखर पुण्याचा, अर्धा सह्याद्री पायाखाली घातलेला. दिगंबर हर्णैचा. त्याचे वडील मासेमारीच्या मचव्यावर तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख होते आणि पोराला चालता यायच्या आधी पोहता येत होतं, असं तो स्वतःच सांगायचा.

कायदा करताना मला कोणी विचारलं नव्हतं, त्यामुळे मला तो फारसा आवडत नसे. पण तो उपयोगी पडला होता, हे नाकारत नाही. सिएराच्या बर्फात एकदा शिखर अगदी समोर दिसत असताना शेखर म्हणाला, "मागे फिरा." दिगंबर चडफडला, पण अवाक्षर न काढता फिरला. आम्ही खाली पोचतो न पोचतो तोच असं वादळ आलं की शिखरच दिसेनासं झालं. तेव्हापासून शेखरच्या डोक्यावर दिगंबरच्या त्या निमूट ऐकण्याचं ओझं होतं.

१९८५च्या पावसाळ्यात दिगंबरचे वडील गेले. तार आली, पण विमानाचं तिकीट मिळेपर्यंत सगळं उरकलं होतं. धाकट्या भावाने अग्नी दिला. दिगंबर परत आला तो गप्पच झाला. एकदा मात्र जेवताना म्हणाला, "घर भावाचं, मचवा भावाचा. मला बाबांनी फक्त भरतीचं गणित दिलं, यार."

ते गणित कोकणात पोरंसोरं जाणतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. पुढे सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे भरती मोठी आणि ओहोटीही मोठी. दिगंबरने ते पॅसिफिकवर कितीदा तरी करून दाखवलं होतं. इथे उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात, तो तास त्यात मिळवायचा आणि कॉलर ताठ करायची.

पुढच्या वर्षी जुलैत ज्येष्ठ अमावास्या आली, वडिलांचं वर्षश्राद्ध. दिगंबरला ते समुद्रावरच करायचं होतं. पण चार जुलैच्या सुट्टीचा किनारा माणसांनी फुललेला, आणि त्या गर्दीत उघड्या अंगाने धोतर नेसून तीळ-पाणी सोडायची त्याला लाज वाटत होती. मला विचाराल तर तिथले लोक त्याच्याहून कमी कपड्यांत होते. पण त्याने उत्तरेकडची एक जागा शोधली होती. डोंगराचं एक नाक समुद्रात घुसलेलं आणि त्याच्या पलीकडे लहानशी चंद्रकोरीसारखी वाळूची पुळण. मागे उंच कडा. ओहोटीला नाकाच्या पायथ्याने चालत जायचं आणि दुसऱ्या ओहोटीला परत यायचं. मधल्या वेळात तिथे काळं कुत्रं फिरकणार नव्हतं.

सकाळी गाडी लावली तिथे सूचनांचा एक फळा होता. मालिनी तो वाचायला थांबली. दिगंबर म्हणाला, "अगं चल, ते टुरिस्टांसाठी असतं."

आणि सकाळी सगळं त्याच्या म्हणण्याबरहुकूम झालं. पाणी इतकं लांब गेलं होतं की नाकाला वळसा घालताना आमच्या चपलासुद्धा भिजल्या नाहीत. दिगंबरचा चेहरा वर्षभरात पहिल्यांदा उजळलेला पाहिला. दुपारी त्याने थंडीने कुडकुडत तर्पण केलं. पिंड ठेवला आणि आम्ही कावळ्याची वाट पाहत बसलो. कावळा कुठला, चार सीगल आले आणि पिंड, वडे, पत्रावळ सगळं भांडून संपवलं. शेखर म्हणाला, "तांडेलांना तेच ओळखीचे असणार." दिगंबर हसला आणि हसता हसता रडला. मालिनीने त्याच्या पाठीवर टॉवेल घातला. त्या क्षणी मला तो कायदाही आवडला.

संध्याकाळी आम्ही सामान बांधून नाकापाशी येऊन उभे राहिलो. पाणी उतरत होतं, पण सावकाश. मी पाण्याच्या कडेला एक काठी रोवली. पाणी काठीपासून थोडं मागे सरलं आणि तिथेच घुटमळलं. नाकाच्या पायथ्याशी अजून छातीएवढं पाणी होतं आणि लाटा खडकावर धडधड आपटत होत्या. मालिनीला पोहता येत नव्हतं.

"उतरेल," दिगंबर म्हणाला. "वेट करू."

मी शेखरकडे पाहिलं. तो कड्याकडे पाहत होता. "काहीतरी बोल ना," मी हळूच म्हटलं.

"समुद्र त्याचा आहे, सुलेखा. त्याने माझं ऐकलं होतं."

आम्ही थांबलो. वारा वाढला. मग पाण्याची एक जीभ आली आणि काठीला चाटून गेली. दुसरी काठीच्या पलीकडे आली.

"भरती लागली," मी मोठ्याने म्हणाले. कायदा गेला खड्ड्यात.

"शक्य नाही! आज उधाण आहे. ओहोटी पार तळाला जायला पाहिजे. सकाळी नाही गेली? बाबा कधी..." दिगंबरचा आवाज फाटला. मालिनी त्याचा दंड धरून म्हणत होती, "अहो, पाणी बघा ना, पाणी बघा!" तो आकाशाकडे बघत होता.

शेवटी शेखर कड्याला भिडला. वर जाऊन मदत आणायची, दुसरा मार्ग नव्हता. पण सह्याद्रीचा काळा पाषाण वेगळा आणि ही भुसभुशीत माती वेगळी. निम्म्यावर त्याच्या हातातला दगड दातासारखा निखळला आणि तो खाली आला. उजव्या पायावर. गुडघ्याचा आवाज मला लाटांवरून ऐकू आला, तो अजून येतो.

आमच्या किंकाळ्या कड्यावरून फिरायला निघालेल्या एका म्हाताऱ्या जोडप्याने ऐकल्या, म्हणून आम्ही वाचलो. रेंजर दोर घेऊन आले. एकेकाला वर ओढेपर्यंत पुळण अर्धी बुडाली होती. वर आल्यावर त्यांच्यातला एकजण न चिडता म्हणाला, "इथे उन्हाळ्यात संध्याकाळची ओहोटी नावापुरती असते. खरी ती सकाळची. फळ्यावर लिहिलंय."

शेखर स्ट्रेचरवर दात आवळून पडला होता. दिगंबरने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याने रेंजरला विचारलं, "पण वेळ? ओहोटीची वेळ कोणती होती?"

"सव्वासहाच्या सुमारास."

"म्हणजे वेळ बरोबर होती," दिगंबर आमच्याकडे वळून म्हणाला. "बाबांची वेळ बरोबर होती."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझ्या नवऱ्याचा पाय मोडलाय आणि तुला वेळ सुचते? समुद्र तुझ्या बाबांच्या मालकीचा नाही, दिगंबर!"

तो खाली बसला. शेखर स्ट्रेचरवरून म्हणाला, "बरोबर होती रे, दिग्या." ते मला त्याच्या पडण्याहूनही असह्य झालं.

गुडघ्याची दोन ऑपरेशनं झाली. डोंगर संपले. मालिनी डबे घेऊन यायची, दिगंबर गाडीतच बसून राहायचा. मी त्याला वर बोलावलं नाही. मला राग होता, आणि तो मी पुरवून पुरवून वापरत होते.

पुढच्या वर्षी ज्येष्ठ अमावास्येला शेखर काठी टेकत फोनपाशी गेला. मी नको म्हटलं, तरी त्याने नंबर फिरवला. मी स्वयंपाकघरातला फोन उचलून कानाला लावला.

"दिग्या, आज भरती कधी आहे रे?"

ज्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं, तो दिगंबर म्हणाला, "मला नाही माहीत, शेखर. मी मोजत नाही आता."

वर्षभर जपलेला माझा राग तिथेच गळाला. मी दोघांच्या मध्ये बोलले, "अमावास्या आहे, दिगंबर. पंधराची पाऊणपट कर. एक तास मिळव. मी थांबते."

पलीकडे तो लहान मुलासारखा रडत होता. वेळ त्याने सांगितली नाही.