सोन्यारुप्याची घोरपड

रॉस कारखान्याच्या अंगणातल्या माइकसमोर उभा राहिला, पण त्यानं जिन्तनाला शेजारी बोलावलं नाही, तरी ती सवयीनं दोन पावलं पुढे सरकली.

"आज तुला सुट्टी," तो सकाळी तिला म्हणाला होता. "निरोपाचं भाषण मी थाईत करणार. नूडलवाल्या बाईकडून पाठ करून घेतलंय."

"अहो, कशाला त्रास घेता? मी आहे ना," जिन्तना हसून म्हणाली होती. पण ते हसू काही खरं नव्हतं.

थायलंडमधल्या चोनबुरीच्या त्या खुर्च्यांच्या कारखान्यात जिन्तना नावाला ऑफिस सांभाळायची. खरं काम दुभाष्याचं. एका बाजूला रॉस. ऑस्ट्रेलियातून आलेला मॅनेजर, लाल तोंडाचा, मोठ्या आवाजाचा, पायात बारा महिने अर्धी चड्डी आणि जाड बूट. दुसऱ्या बाजूला सुतारखात्याचे फोरमन, हिया सेंग. हिया म्हणजे थोरला भाऊ. चिनी घराण्यातल्या वयस्क माणसाला तिथं सगळे असंच म्हणतात. सेंग इतके हळू बोलायचे की रंधा बंद केल्याशिवाय ऐकू यायचं नाही. या दोघांना रोज एकमेकांशी बोलायचं होतं, आणि एकाला दुसऱ्याची भाषा येत नव्हती.

रॉस विचारायचा, "शुक्रवारपर्यंत होतील का खुर्च्या?" सेंग हसून म्हणायचे, "बघतो साहेब. प्रयत्न करतो." जिन्तना रॉसला सांगायची, "होणार नाहीत." हे बरोबरच होतं. सेंगसारखा माणूस साहेबाच्या तोंडावर नाही कसं म्हणणार? तो नकार त्यांच्या हसण्यात असायचा, आणि ते हसणं रॉसपर्यंत पोचवणं हे तिचं काम.

पंचाईत उलट्या बाजूनं व्हायची. रॉसला एखादा माणूस आवडला की तो त्याला शिव्या द्यायचा. जितकं प्रेम जास्त तितकी शिवी मोठी. पहिल्याच महिन्यात सेंगनी बनवलेल्या एका आरामखुर्चीवर बसून तो आनंदानं ओरडला होता, "अरे म्हाताऱ्या हरामखोरा!" सगळं खातं जिन्तनाच्या तोंडाकडे बघत होतं. सेंग हात जोडून उभे होते. तिला काय सुचलं कोण जाणे, ती म्हणाली, "साहेब म्हणतायत, वा, हिया!"

झालं. तेव्हापासून रॉस दिवसातून दहादा हरामखोर म्हणायचा आणि जिन्तना दहादा हिया म्हणायची. दोघं म्हातारे एकमेकांवर जीव टाकू लागले. दुपारी एकाच फळीवर बसून जेवू लागले. जिन्तनाचं स्वतःचं लग्न टिकलं नव्हतं, घरी एक मांजर आणि आई. आयुष्यात तिनं मन लावून काही जुळवलं असेल तर ते या दोघांचं. आणि ते एका खोट्या शब्दावर उभं होतं, हे तिला एकटीला माहीत होतं.

आज जेवणं झाल्यावर रॉस कायमचा घरी निघणार होता.

भाषणाची सुरुवात बरी झाली. सूर सगळे वाकडे, पण लोकांना कळत होतं. "मी इथं आलो तेव्हा मला काही येत नव्हतं. तुम्ही मला सांभाळून घेतलं." पॉलिशखात्यातल्या बायकांनी डोळ्यांना रुमाल लावले. मग रॉसनं सेंगकडे बोट न दाखवता, अगदी शिकवल्यासारखा, सगळा तळहात पुढे केला.

जिन्तनाच्या तेव्हा लक्षात आलं. त्यानं इतकी वर्षं कान देऊन ऐकलं होतं. त्याला वाटलं होतं, आपण हरामखोर म्हणतो तेव्हा ती हिया म्हणते, म्हणजे थाईत हरामखोराला हिया म्हणतात!

"आणि हा सेंग," रॉस प्रेमानं गरजला, "हा माझा म्हातारा हिया!"

सपाट सुरात म्हटलं तर हिया म्हणजे थोरला भाऊ. सूर वरून खाली घसरला की तोच शब्द घोरपड होतो. आणि थाई माणसाला घोरपड म्हणण्याइतकी घाण शिवी दुसरी नाही. रॉसचा सूर घसरला. नुसता घसरला नाही, जिन्यावरून गडगडत गेला.

अंगणात कोणी हललं नाही. रॉस मात्र टाळ्यांची वाट बघत, तोंडभर हसत उभा होता. जिन्तनाला वाटलं, संपलं. दोघांची शेवटची भेट, आणि ती माझ्यामुळे नासली. तिला रडू फुटलं.

सेंग उठले. माइककडे जाताना तिच्यापाशी थांबले.

"जिन, रडतेस कशाला? तो मला काय म्हणतो ते मला पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे. नात इंग्रजी शाळेत जाते ना माझी. तिला विचारलं."

"मग बोलला का नाहीत, हिया?"

"तू एवढ्या कष्टानं मला भाऊ केलं होतंस. मी कशाला मोडू?" ते म्हणाले. "आता डोळे पूस आणि चल. मी बोलतो ते शब्दाला शब्द सांग. गोड करायचं नाही."

हळू बोलणारे सेंग माइकला तोंड लावून म्हणाले, "घोरपड घरात शिरली की आपण काय करतो? हाकलतो का? नाही. 'या, सोन्यारुप्याच्या,' म्हणतो, म्हणजे अपशकुन टळतो. या कारखान्यात एक घोरपड शिरली. लाल तोंडाची, बूट घातलेली. मी रोज आवारातल्या देव्हाऱ्यात फुलं वाहिली, म्हटलं जाऊ दे बाबा ही. गेली नाही. माझ्या बायकोचं ऑपरेशन होतं तेव्हा ही घोरपड हॉस्पिटलच्या बाकावर माझ्याशेजारी बसून राहिली. बोलता येत नव्हतं, म्हणून मला केळी सोलून देत होती. मी एक खाल्लं की दुसरं सोलायची. अशी घोरपड सगळ्यांच्या घरात शिरो."

घोरपडीच्या जागी जिन्तनानं रॉसचाच शब्द घातला. हरामखोर हा शब्द तिनं आयुष्यात पहिल्यांदा तोंडानं उच्चारला, आणि तोही सहा-सात वेळा. अंगण हसत होतं. रॉस आधी हसला, मग केळ्यांपाशी आल्यावर त्यानं टोपी काढून तोंडासमोर धरली.

"थांब," तो नंतर तिला बाजूला घेऊन म्हणाला. "मी नक्की काय बोललो मघाशी?"

तिनं सांगितलं. त्याचं लाल तोंड आणखी लाल झालं.

"आणि तू इतकी वर्षं काय सांगत होतीस त्याला?"

"थोरला भाऊ."

रॉसनं टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. मग म्हणाला, "तो सूर शिकव मला. लवकर. गाडी आलीय."

गाडीचं दार उघडं ठेवून तो सेंगसमोर उभा राहिला. हात जोडले, मान खाली घातली, आणि अगदी सपाट, स्वच्छ म्हणाला, "हिया."

घोरपड हसण्यावारी नेणारे सेंग या शब्दापुढे टिकले नाहीत. त्यांनी चटकन तोंड फिरवलं आणि म्हणाले, "जिन, त्याला सांग, विमान चुकेल. नीघ म्हणावं."

शब्दाला शब्द सांगायचं ठरलं होतं. जिन्तनानं एकदा सेंगच्या पाठीकडे पाहिलं आणि रॉसला इंग्रजीत सांगितलं, "ते म्हणतायत, जाऊ नकोस."

एवढ्या वर्षांत सेंगना तेवढं इंग्रजी कळू लागलं होतं. ते तसेच पाठमोरे उभे राहिले, पण त्यांनी तिची चूक काढली नाही.