काकांचा डावा हात

त्यांना काका म्हणायला सुरुवात झाली तेव्हा ते फक्त चोवीस वर्षांचे होते. आमच्या तुकडीतले बाकीचे लढाऊ वैमानिक एकोणीस-वीसचे, त्यांच्या हिशेबी चोवीस म्हणजे म्हातारपणच. मी त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठा. पण मी पडलो मेकॅनिक, आणि मेकॅनिकचं वय विचारतो कोण? मीही त्यांना काकाच म्हणू लागलो. ते मला मिस्त्री म्हणायचे. दोघांच्याही तोंडात एकही दात उरला नाही तोवर हेच चाललं.

लढाईत त्यांचं विमान माझ्या ताब्यात होतं. ताब्यात म्हणजे, ते उडवायचे आणि मी निस्तरायचो. त्यांनी शत्रूची किती विमानं पाडली, असं लोक विचारायचे. मला आठवतं ते त्यांनी माझं विमान किती वेळा फाडून आणलं ते. एकदा तर शेपटीची चाळण करून आणली आणि खाली उतरून म्हणाले, "मिस्त्री, थोडं शिवून दे." मी पहाटेपर्यंत शिव्या देत शिवत होतो. देवाशपथ, त्या दिवसांइतका सुखी मी पुन्हा झालो नाही. माणसं मरत होती आणि मी सुखी होतो, हे सांगायला लाज वाटते, पण खरं आहे ते आहे.

नवा वैमानिक आला की आम्ही त्याचे डोळे बांधून त्याला कॉकपिटमध्ये बसवायचो. धूर झाला, दिवे गेले, तरी हात बरोबर जागी जायला हवा. मी बाहेर पंखावर उभा राहून ओरडायचो, "चाकं! इंधन! फ्लॅप!" फ्लॅप म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या पट्ट्या, उतरताना त्या खाली सोडायच्या, जमिनीवर आलं की वर उचलायच्या. काका या खेळात कधी हरले नाहीत. त्यांच्या डाव्या हाताला डोळे आहेत, असं आम्ही म्हणायचो.

लढाई संपली. आमची विमानं भंगारात गेली आणि काका एका कारखान्यात चाचणी वैमानिक झाले. नव्या विमानात पहिल्यांदा स्वतः बसायचं आणि त्याच्या खोड्या शोधून काढायच्या, हे काम. "मिस्त्री येणार असेल तर मी येतो," असं त्यांनी कारखान्याला बजावलं. आमची ही म्हणाली, "लग्न माझ्याशी केलंत की त्यांच्याशी?" मी मूग गिळून बसलो आणि सामान बांधलं.

तिथे सोळा वर्षं काढली. हँगरच्या कोपऱ्यात काकांची पत्र्याची खोली होती. एक टेबल, दोन खुर्च्या, खिडकीतून धावपट्टी. उतरले की कानात बोळे तसेच ठेवून ते पेन्सिलने रिपोर्ट लिहायला बसत. त्या वेळी वहिनींचा फोन आला तरी घेत नसत. "बायकोशी थाप मारली तर ती फार तर अबोला धरते," म्हणायचे, "रिपोर्टात मारली तर पुढचा माणूस मरतो." वहिनी हे वाक्य लोकांना ऐकवायच्या आणि विचारायच्या, "म्हणजे माझ्याशी किती मारल्या असतील?"

मग ते नवं जेट आलं. काका चव्वेचाळीस वर्षांचे होते. कारखान्याचे डॉक्टर दर सहा महिन्यांनी त्यांच्या छातीला नळी लावून मान हलवायचे, आणि एक चूक झाली की यांचं उडणं बंद करून खाली बसवणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. अकराव्या उड्डाणानंतर काका झकास उतरले. विमानाचा वेग कमी होत आला, आणि धावपट्टीच्या मधोमध त्याचे तिन्ही पाय दुमडले. ते पोटावर घसरत, ठिणग्या उडवत गेलं. मी इतका धावलो की आगीचा बंब माझ्या मागून आला.

कॉकपिटचं झाकण मी उघडलं. काका शुद्धीवर होते, कपाळातून रक्त येत होतं, डोळे मिटलेले. आणि डाव्या बाजूला चाकं वर-खाली करायचा दांडा मला दिसला. वर ओढलेला. शेजारचा फ्लॅपचा दांडा जिथल्या तिथे, खाली.

मला एका क्षणात कळलं. आमच्या जुन्या लढाऊ विमानात नेमक्या त्या जागी फ्लॅपचा दांडा असायचा. फ्लॅप उचलायला गेलेला हात वीस वर्षं मागे गेला आणि त्याने चाकं उचलली. जित्याची खोड. मी काकांचा पट्टा सोडवला, आणि सोडवता सोडवता चाकांचा दांडा खाली ढकलून दिला.

आता चौकशीत दिसलं ते असं: दांडा खाली, म्हणजे वैमानिकाचा दोष नाही, चाकांना खाली अडकवून ठेवणारं कुलूप सुटलं, म्हणजे देखभालीचा दोष. देखभालीच्या कागदावर सही माझी. मुख्य अभियंत्यांना हे फारच सोयीचं वाटलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी, फक्त इथे संन्याशाने दोर स्वतः आणून दिला होता. मी मनाशी ठरवलं होतं, नोकरी गेली तर सायकली दुरुस्त करीन. काकांना उडायला मिळालं नाही तर ते काय करणार होते?

काका सगळ्यांना सांगत होते, "मी फ्लॅप उचलले. चाकांना हात लावला नाही." खोटं नव्हते बोलत. त्यांना तसंच आठवत होतं.

चौकशीच्या निकालाच्या आदल्या दिवशी दुपारी, कपाळावर पट्टी घेऊन ते हँगरमध्ये आले. विमान उचलून लोखंडी घोड्यांवर, म्हणजे टेकूंवर, ठेवलं होतं. "मिस्त्री," ते म्हणाले, "तुझ्या हातून कुलूप सैल राहील हे मला पटत नाही. डोळे बांध माझे." वहिनींचा रुमाल त्यांनी आणलाच होता.

मी बांधले. पंखावर उभा राहिलो आणि एकेक सांगत गेलो. "इंधन. ब्रेक. चाकं. रेडिओ." हात अचूक जात होता.

"फ्लॅप सांग."

"काका, जेवायची वेळ झाली."

"फ्लॅप सांग, मिस्त्री."

"फ्लॅप," मी हळूच म्हणालो. हात थांबला, विचार करून बरोबर दांड्यावर गेला. मला वाटलं, सुटलो.

"असं नाही," काका म्हणाले. "तेव्हा ओरडायचास तसं ओरड. दम खाऊ देऊ नकोस मला."

वीस वर्षांत त्यांचं कोणतं सांगणं मी मोडलं होतं? मी ओरडलो, "इंधन! ब्रेक! रेडिओ! फ्लॅप!"

हात विजेसारखा गेला. काकांनी दुसऱ्या हाताने रुमाल खाली ओढला आणि आपली मूठ कुठे आहे ते बघितलं. ती चाकांच्या दांड्यावर होती.

"आत पहिला तू पोचलास ना?"

"हो."

"दांडा वर होता?"

मी नखांतलं ग्रीस बघत राहिलो.

"गाढवा!" काका ओरडले. माझ्यावर ते ओरडले ते आयुष्यात तेवढंच. "उद्या लढाईतला दुसरा कुणी इथे बसेल. त्याचाही हात इथेच जाईल. तो माझ्यासारखा नुसत्या कपाळाच्या जखमेवर निभावेल कशावरून?"

"तुम्हाला खाली बसवतील, काका."

"बसवू देत," ते म्हणाले. मग आम्ही दोघंही तिथेच, ते आत आणि मी पंखावर, चांगले रडलो.

संध्याकाळी त्यांनी रिपोर्ट लिहिला आणि मला वाचून दाखवला. चूक माझ्या हाताची आहे; दांड्याची जागा बदला आणि मूठही वेगळी करा, म्हणजे न बघता कळेल. माझ्याबद्दल एकच ओळ होती: "मला बाहेर काढताना दांडा हलला." हे खोटं नव्हतं, जरा अपुरं होतं. काकांच्या रिपोर्टात अपुरं असं तेवढंच.

डॉक्टरांनी, मुख्य अभियंत्यांनी, सगळ्यांनी हळहळत त्यांचं उडणं बंद केलं. त्यांना सल्लागार केलं, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायला बसवलं. दांड्याची जागा मात्र बदलली.

चार महिन्यांनी ते जेट पुन्हा उडालं, दुसऱ्या वैमानिकाला घेऊन. काका हँगरबाहेर माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. विमान ढगात शिरलं. काकांनी घड्याळ बघितलं, दोन पावलं चालले, परत आले, पुन्हा घड्याळ बघितलं.

"रोज असा उभा राहायचास तू?" त्यांनी विचारलं. "लढाईतही?"

"मग कुठे जाणार?"

विमान ढगाखाली आलं तेव्हा त्यांनी माझी बाही धरली, आणि चाकं जमिनीला टेकून ते पूर्ण थांबेपर्यंत सोडली नाही.