रत्नम्माची साक्ष

डोळे मिटायच्या आधी रत्नम्मा दोन कामं करायची. गुडघे टेकून प्रार्थना, आणि मग उशाशी फरशीवर स्टीलचे तीन पेले, एकावर एक, उपडे. जमीन हलली की पेले पडणार, पेले पडले की रत्नम्मा पळणार. किल्लारीच्या भूकंपानंतर ही युक्ती घरोघरी होती. लोक विसरले. रत्नम्मा पंचवीस वर्षांत एकदाही विसरली नाही.

"भरवसा प्रभूवर आन् पहारा पेल्यांचा," नवरा शेषेराव चिडवायचा. "भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतेत ते खोटं न्हाई."

बोलायला त्याचं काय जातं! गावाकडचं घर पडलं त्या रात्री तो लातूरला छापखान्यात कामावर होता. घरात होत्या रत्नम्मा आणि तीन वर्षांची सुवार्ता. सुवार्ता गेली, रत्नम्मा वाचली. मग दोघं लातुरातच राहिले. क्लासच्या पोरींनी शहर भरून गेलं, तसे शेषेरावानं गल्लीतल्या इतरांसारखेच तीन मजले चढवले आणि खोल्या मुलींना दिल्या. रत्नम्मानं त्या स्लॅबखाली पाऊल टाकलं नाही. अंगणात पत्र्याची शेड, तिथंच तिचा गॅस आणि तिथंच खाट. पोरी जेवायला खाली यायच्या.

दर सप्टेंबरअखेर चर्चमध्ये तिला साक्ष द्यायला उभं करत. 'भिंत पडायच्या आधी प्रभूनं हाताला धरून मला बाहेर काढलं,' असं ती सांगे, आणि बाया पदरानं डोळे पुसत. त्या आठवड्यात रत्नम्माला घास गिळवत नसे, कारण साक्ष खोटी होती. पहिल्या धक्क्याला ती उठून पळाली होती, एकटीच. अंगणात आल्यावर लेक आठवली, मागं वळली, तेव्हा भिंत खाली येत होती. हे तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! तिला वाटे, जमीन आपल्यालाच हुडकतेय, अर्धं राहिलेलं काम पुरं करायला. म्हणून प्रार्थनेत ती एवढंच म्हणे, वाचव. क्षमा कर, असं कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर कशाची, तेही सांगावं लागलं असतं.

यंदाचा सप्टेंबर वाईटच उगवला. आठवडाभर जमिनीतून मधूनच घुमल्यासारखा आवाज यायचा. कुणी म्हणे बोअरची गाडी आहे, कुणी काहीच न बोलता घराबाहेर खाट टाके. जिन्याच्या भिंतीला केसाएवढी चीर पडली होती, ती रत्नम्मा अंगणातून रोज बघायची आणि ती रोज थोडी लांब दिसायची. त्यात तिसऱ्या मजल्यावरची हदगावची अंबिका कालपासून जेवायला उतरली नव्हती. क्लासच्या परीक्षेत तिचा नंबर फार खाली गेला होता. "मावशी, ती दार उघडून नाही राहिली," पोरी सांगत होत्या. रत्नम्मानं ताट झाकून ठेवलं. वर जायचं काही तिच्यानं झालं नाही.

साक्षीच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, ती जरा आडवी झाली आणि पेले खणखणत पडले.

काही कळायच्या आत ती गल्लीत होती. मागोमाग चार पोरी धावत उतरल्या. रत्नम्मानं तोंडं मोजली.

"अंबिका?"

"वरच हाय. येत न्हाई म्हणली."

पुन्हा तेच. आपण बाहेर आणि लेकरू आत. पळावंसं तर अजून वाटत होतं, आणखी लांब, मैदानापर्यंत. ती जिन्याकडे वळली.

भिंतीला हात लावत ती चढली. हाताखाली चीर लागत होती. दुसऱ्या मजल्यावर ती थांबली आणि मोठ्यानं म्हणाली, "प्रभू, मी पळाले होते. तू बघितलंस. मला क्षमा कर." बाकीचं सांगावं लागलंच नाही. त्याला सगळं ठाऊक होतं आणि तरी तो इतकी वर्षं तिचं ऐकून घेत होता, हे तिला तिथं, जिन्यात, पहिल्यांदा उमगलं. ती उरलेल्या पायऱ्या चढली.

"अंबिके, दार उघड."

"मावशी, तुमी जा. पडू द्या घर. बरंच होईल, घरी सांगावं तरी लागणार न्हाई."

रत्नम्मा दारापाशी फरशीवर बसली. "मग मीबी हितंच बसते. पडलं तर दोघींवर पडंल."

मग रत्नम्मा बंद दाराला सांगू लागली. सुवार्ताचं झोपणं, पहिला धक्का, रिकाम्या हातांनी ओलांडलेला उंबरा, सगळं. "घरी सांगायची भीती लई वाईट असती, पोरी. मी पंचवीस वर्षं तिच्याबरोबरच झोपले."

कडी वाजली. अंबिका बाहेर आली आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडायला लागली.

तेव्हा रत्नम्माला तिच्यामागून वर आलेला शेषेराव जिन्यात उभा दिसला. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो वळला आणि खाली गेला. त्याची पावलं तिनं शेवटपर्यंत ऐकली. हाक मारली नाही. आता लपवायचं काही उरलं नव्हतं, आणि मन इतकं शांत होतं की तिचं तिलाच नवल वाटलं.

बऱ्याच वेळानं पावलं परत आली. शेषेरावाच्या हातात पाण्याचा तांब्या होता आणि ते तीन पेले. डोळे लाल झाले होते. त्यानं तिन्ही भरले.

"पी," तो म्हणाला. "उद्याची साक्ष?"

"खरीच देईन."

त्यानं मान हलवली. तेवढ्यात खालून पुन्हा घुमलं. पेल्यातलं पाणी शहारलं. रत्नम्मानं ते पिऊन टाकलं आणि उठली.

"चला, खाली जाऊन जेवू. पोरी, तू हो पुढं. अवं, तुमी तिच्या मागं."

दोघं उतरू लागले. पेले उंबऱ्याशीच राहिले. रत्नम्मा सगळ्यांच्या मागून, एकेक पायरी, सावकाश खाली आली.